दहा मुलांचं पदक

ज्या वर्षांत मी "आता पुरे, आता पुरे" म्हणत लोकांची दारं वाजवत फिरत होते, त्याच वर्षांत मला एक अशी बाई भेटली, जिच्या देशात माणसंच कमी पडत चालली होती. आज नातेवाइकांत हे सांगायला लागले की मला आधी हसू येतं. तेव्हा मात्र मी तोंडात बोटं घातली होती.

मी सरकारी आरोग्य सेविका. नेरूळच्या नव्या इमारती आणि त्यांना चिकटून खाडीकडेला असलेली दोन जुनी गावं, एवढा माझा भाग. नव्वदीतलं ते अर्धं नेरूळ अजून चिखलातच उभं होतं. सोसायटीचं गेट लागायच्या आधी माणसं राहायला यायची, आणि माणसांच्या आधी मी जायचे. खांद्यावर कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणाची पिशवी, काखेत जोडप्यांचं रजिस्टर. नवरा किती वर्षांचा, बायको किती वर्षांची, मुलं किती, शेवटचं केवढं आणि ऑपरेशन झालंय का. झालं नसेल तर माझं पुराण सुरू. लोकही दार लोटायच्या आधी पाणी मात्र विचारायचे, एवढा चांगुलपणा होता.

दर वर्षी आम्हाला टार्गेट असायचं. इतकी ऑपरेशनं, इतक्या तांब्या, म्हणजे कॉपर-टी. ऑपरेशनसाठी तयार झालेल्या बाईला आम्ही 'केस' म्हणायचो. मार्च जवळ आला की आम्हा सिस्टर लोकांचे चेहरे परीक्षेतल्या पोरांसारखे व्हायचे. कुणाची एक केस कमी, कुणाच्या दोन. एकमेकींच्या भागातल्या बायका पळवण्यापर्यंत आमची मजल जायची.

ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही, म्हणून सांगून टाकते. ती बाई भेटली त्याच्या तीन वर्षं आधीच्या मार्चमध्ये मला एक केस कमी पडत होती. महिनाअखेरीच्या मीटिंगमध्ये सगळ्या खाली मान घालून बसल्या होत्या. मी उठले आणि म्हणाले, "सर, माझं नाव लिहा." मला एकच मुलगी होती, चार वर्षांची. कुणी जबरदस्ती केली नव्हती, कुणी सुचवलंही नव्हतं. नवरा म्हणाला, "तुझं शरीर, तुझी नोकरी, तू ठरव." मी ठरवलं. टार्गेट पूर्ण झालं, नारळ आणि शाल मिळाली, टाळ्या वाजल्या. मुलगी सात वर्षांची झाली आणि "मला भाऊ कधी?" म्हणून मागे लागली, तेव्हा मी तिला म्हणायचे, "बाजारात मिळत नाही." ती गप्प बसायची. मीही.

माझ्या भागातली सर्वांत वाईट केस म्हणजे खाडीकडच्या गावातली एक म्हातारी. वाईट म्हणजे आमच्या हिशेबाने. तिला दहा मुलं, सगळी धडधाकट. तिने जन्मभर मिठागरात कामं केली, पाठीवर एक आणि पोटात एक घेऊन. जमिनी गेल्या, मिठागर गेलं, मुलांनी घरांवर मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या, पण म्हातारी अजून पडवीत बसून खाडीतले निवट्या मासे साफ करायची. मी भाषणात उदाहरण म्हणून तिचंच घर दाखवायचे, आणि तिला ते माहीत होतं. मला पाहिलं की हाक मारायची, "आयलीस का गो बाय? ये, बस. दहा पोरांचे आयला शिकव काय ते." पालथ्या घड्यावर पाणी घालायचा मला कंटाळा नसे, पण हा घडा वरून माझ्याकडे बघून हसायचा, त्याचा राग यायचा.

त्या हिवाळ्यात माझा नवरा रबाळ्याच्या ज्या कारखान्यात होता, तिथे मोठं मशीन बसवायला एक रशियन इंजिनिअर आला. कंपनीने त्याला नेरूळमध्ये, माझ्याच भागात, फ्लॅट घेऊन दिला. बरोबर बायको होती. नवरा मला म्हणाला, "बाई दिवसभर एकटी असते, इंग्रजी बोलते थोडं, जाऊन ये कधी." मी गेले, पण रजिस्टर घेऊन गेले. सवय.

दार उघडलं ते एका उंच, चाळिशी ओलांडलेल्या बाईने. मी माझ्या नर्सिंगच्या इंग्रजीत प्रश्न विचारायला लागले. मुलं? नाहीत. एकही नाही? एकही नाही. आता खरं म्हणजे मी तिथे थांबायला हवं होतं, पण तोंडाला चाक लागलेलं. मी पिशवीतून लाल त्रिकोणाचं चित्रपुस्तक काढलं आणि लहान कुटुंबाचे फायदे सांगायला सुरुवात केली. परदेशी बाईला, जिला मूलच नाही, तिला! ती आधी नीट ऐकत होती. मग तिने चित्रातल्या त्या आई, बाबा, दोन मुलांकडे पाहिलं आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचं नव्हतं हे मला कळलं तेव्हा माझं पुस्तक आपोआप मिटलं.

तिने मला काळा चहा दिला आणि म्हणाली, "तुमचं सरकार तुम्हाला या कामाचा पगार देतं? माझ्या देशात सरकार उलट सांगतं. मुलं होऊ द्या, म्हणतं. विनवतं."

मला वाटलं, गंमत करते. मी लहानपणापासून एकच ऐकलं होतं की माणसं वाढतात. गवत जसं आपोआप वाढतं तशी. कमी कशी होतील? कुणी कमी केल्याशिवाय?

तिने फोटो आणून दाखवले. तिचं गाव, म्हणजे चांगलं शहर. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, पाच मजली इमारती, आणि रस्त्यावर कोणी नाही. मी आधी म्हटलं, "वा, किती छान, गर्दी नाही!" दुरून डोंगर साजरे. ती म्हणाली, "हा रविवार दुपारचा फोटो आहे. मी लहान होते तेव्हा या रस्त्यावर मुलांच्या सायकली इतक्या असायच्या की म्हातारी माणसं भांडायची." मी पुन्हा फोटो पाहिला. मग मला तो रस्ता बघवेना.

ती शाळेत शिकवायची. दर वर्षी पहिलीचा वर्ग लहान होत गेला, म्हणाली. शेवटच्या वर्षी चार मुलं आली. मग शाळा दुसऱ्या शाळेला जोडली, मग ती शाळाही बंद. बाळंतपणाच्या दवाखान्यातला एक मजला कुलूप लावून ठेवला. मी तिला कारण विचारलं, साथ आली होती का, दुष्काळ होता का. ती म्हणाली, साथ असती तर बरं झालं असतं, तिच्यावर लस असते. जुन्या महायुद्धात पुरुषांची पिढीच्या पिढी गेली, त्यांची मुलं जन्मालाच आली नाहीत, त्या मुलांची मुलंही नाहीत. आता देश मोडला. कारखाना थांबला, पगार महिनोन् महिने नाहीत. तरुण पोरं मोठ्या शहरांत नाहीतर परदेशी गेली. मागे राहिलेले पुरुष पितात आणि पन्नाशीच्या आत मरतात. आणि बायका थांबतात. घर मिळू दे मग, पगार होऊ दे मग, पुढच्या वर्षी बघू. "मी पण थांबले," ती म्हणाली. "देश मोडला तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. त्यानंतर कुणाला सांगायचं की आता थांबत नाही?"

"आणि सरकार?"

"सरकार कागद काढतं. मुलाला भत्ता, आईला लांब रजा. कागदावर सगळं आहे. भत्ता हातात येईपर्यंत महागाईने त्यात दूधसुद्धा येईनासं होतं."

त्या दिवशी मी घरी चालत आले. बाजारातून, शाळा सुटण्याच्या वेळी, पोरांच्या दप्तरांचे धक्के खात. रोज मी त्या धक्क्यांवर वैतागायचे. त्या दिवशी मी कोपऱ्यावर उभी राहून नुसती बघत राहिले. एवढी मुलं! कुणी मागितली नव्हती, सरकार तर नकोच म्हणत होतं, तरी आली होती आणि भेळवाल्यापाशी भांडत होती. मला खरोखर आश्चर्य वाटलं, आपल्याकडे ऊन पडतं याचं कुणाला वाटावं तसं.

पोलिओचे रविवार तेव्हा नुकते सुरू झाले होते. गावातल्या देवळाच्या कट्ट्यावर आमचं बूथ. रशियन बाई, मी तिला मॅडम म्हणायचे, म्हणाली, मी येऊ का? मी म्हटलं, या, एक हात जास्त. सकाळी आठपासून जी रांग लागली ती दुपारपर्यंत हलेना. आगरी घरांतली पोरं, भाडेकरूंची पोरं, बांधकामावरच्या बायांची पोरं, पलीकडच्या मोहल्ल्यातून बुरखा घातलेल्या दोन बहिणी सहा पोरं घेऊन. कुणी रडतंय, कुणी थेंब थुंकतंय, कुणी गोड लागला म्हणून दुसऱ्यांदा रांगेत. मॅडम मुलांची हनुवटी धरायचं काम करत होती. मध्येच तिने मला विचारलं, "ही सगळी याच गावातली?" मी म्हटलं, "ही अर्धीच. बाकीची झोपलीत." ती कट्ट्यावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. तिच्या तोंडावर जे होतं ते मी तोवर फक्त देवळात गाभाऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसांच्या तोंडावर पाहिलं होतं.

तेवढ्यात म्हातारी आली, कडेवर पणतू, मागे पाच-सहा पोरांचं शेपूट. मॅडमने विचारलं, यांना मुलं किती? मी जरा शरमेनेच सांगितलं, "टेन." मॅडम ताडकन उभी राहिली. खरंच उभी राहिली, शाळेत साहेब आल्यावर उभं राहतात तशी. म्हातारी मला म्हणाली, "काय झाला हिला? तू माझी चुगली केलीस ना?"

मी म्हटलं, "आजी, त्या तुम्हाला मान देतायत."

"मना?" म्हातारीने मागे वळून पाहिलं, आणखी कोणी आहे का म्हणून.

मग मार्च आला. मला पुन्हा एक केस कमी होती. एकच. आणि ती माझ्या डोळ्यांसमोर होती. म्हातारीची नातसून, तेवीस वर्षांची, पदरात दोन मुली. मी महिनाभर तिच्या मागे होते. सासू म्हणायची मुलगा होऊ दे, नवरा म्हणायचा आई बोलेल तसं, आणि ती स्वतः काहीच बोलायची नाही, खाली बघून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायची. शेवटी नवऱ्याने होकार दिला. सोमवारी सकाळी दहाला ऑपरेशनच्या कॅम्पची गाडी येणार, ती हिला घेऊन जाणार, असं ठरलं. रविवारी मी निवांत झोपले.

सोमवारी निघताना वाटेत मॅडम भेटली. मशीन बसलं होतं, त्यांचं परतीचं तिकीट त्याच आठवड्याचं होतं, आणि तिला जायच्या आधी म्हातारीला भेटायचं होतं. मी म्हटलं, चला, मी तिकडेच निघालेय.

पडवीत म्हातारी बसली होती. नातसून साडी नेसून, पिशवी भरून, खांबाला टेकून उभी. धाकटी पोर तिच्या पायाला बिलगलेली. मॅडमने पर्समधून गाठ मारलेला एक रुमाल काढला, गाठ सोडली, आणि तो म्हातारीच्या हातावर ठेवला. आत एक पदक होतं. सोनेरी तारा, मागे रुपेरी किरणं, वर लाल पट्टी.

मी भाषांतर करत गेले. हे तिच्या आजीचं. आजीला दहा मुलं झाली म्हणून सरकारने दिलं होतं. समारंभ झाला होता, बँड वाजला होता, वर्तमानपत्रात फोटो आला होता. आईकडून तिच्याकडे आलं. घर बंद करून इकडे येताना तिने दागिने बहिणीकडे... नाही, बहीण नव्हती, शेजारणीकडे ठेवले, पण हे बरोबर आणलं. आता तिच्यानंतर ते ठेवणारं कोणी नाही. ते तिला आजींना द्यायचं आहे. आजींची दहा आहेत.

माझा स्वतःच्याच तोंडावर विश्वास बसत नव्हता. ज्या गोष्टीसाठी मी या म्हातारीला गावभर बदनाम केलं, त्याच गोष्टीसाठी जगाच्या दुसऱ्या टोकाला एका बाईच्या छातीवर सरकारने तारा लावला होता. तिकडेही सरकारच, इकडेही सरकारच.

मॅडमने पदक म्हातारीच्या लुगड्याला लावलं. गल्लीतली पोरं जमली, हसायला लागली, कुणीतरी सलाम ठोकला. म्हातारीने मान खाली घालून ते हाताने चाचपलं, वजन पाहिलं. मग विचारलं, "हिचे आजीची सगली जगली?"

मी विचारून सांगितलं, "दोघे मुलगे लढाईत गेले. पण लढाईत गेलेले धरतात, म्हणे."

"माझी बारा व्हती," म्हातारी म्हणाली. "दोन मिठागरान गेली, तापाने. ती कोनी धरली नाय."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. इतकी वर्षं मी त्या दारात जात होते, रजिस्टरात दहा लिहीत होते.

म्हातारीने पदक सोडवलं आणि मॅडमच्या हातात परत दिलं. म्हणाली, "हा तुझे आजीचा हाय, तुझेजवलच र्‍हाऊ दे. मना एक सांग. तुझे आजीला कोनी इचारला व्हता का, बाय तुला दहा पायजेत का?"

मी इंग्रजीत विचारलं. मॅडम पदक पुन्हा रुमालात गुंडाळत म्हणाली, "नाही. बहुतेक नाही."

"मना पन कोनी इचारला नाय," म्हातारी म्हणाली. "आनि तुला? तुला पायजे व्हता का पोर?"

हे भाषांतर करायला माझी जीभ रेटेना. असं कुणाला विचारतात का? पण म्हातारी थांबली होती, म्हणून मी विचारलं. मॅडम म्हणाली, "हो. एक मुलगी. आणि हे मला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. सरकारने नाही, नवऱ्यानेही नाही. दोघांनी फक्त सांगितलं, आता काय करायला हवं ते."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दहा वाजले होते. नातसुनेने पिशवी उचलली. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले असते, आणि मला भांडता चांगलं येतं. ती नुसती बघत राहिली. हॉर्न पुन्हा वाजला.

मी नातसुनेला विचारलं, "तुला काय हवंय गं?"

तिने पहिल्यांदा मान वर केली. आणि धडाधड बोलायला लागली, जणू कधीपासून तयारच होती. "सिस्टर, मला आता पोर नको. सासूबाई काय पन बोलू देत. पन ऑपरेशन पन नको लगेच. मी शिवनक्लासला जातेय, तो पुरा करायचाय. मग दोन-चार वर्षांनी काय ते मीच ठरवीन. तोपर्यंत तुमची ती तांबी बसवा ना. मी वाट बघत होती, तुमी तांबीचं कधी बोलाल म्हनून. तुमी बोललाच नाय."

खरं होतं. मी बोलले नव्हते. तांबी माझ्या पिशवीत होती, पण मार्चअखेर तांबीने केस भरत नाही.

मी बाहेर जाऊन ड्रायव्हरला सांगितलं, केस नाही. तो म्हणाला, "सिस्टर, सर टेन्शन घेतील." मी म्हटलं, घेऊ देत. गाडी वळली, धुरळा उडाला आणि माझं त्या वर्षीचं टार्गेट एका केसने हुकलं. मेमो आला. त्याचं उत्तर मी अजून लिहितेच आहे, कारण एप्रिलमध्ये वरून पत्र आलं की यापुढे टार्गेट नाही. सेविकांनी जोडप्यांना त्यांची गरज विचारावी आणि त्याप्रमाणे सेवा द्यावी. सरांनी मीटिंगमध्ये ते वाचून दाखवलं आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळी वाजवता आली नाही. तीन वर्षांपूर्वी मी ज्याच्यासाठी उठून उभी राहिले होते, ते एका कागदाने आलं होतं आणि एका कागदाने गेलं. मला संताप आला, आणि तो कुणावर काढायचा हे कळेना, कारण नाव मी स्वतःच लिहायला सांगितलं होतं.

पण ते पुढचं. त्या सोमवारी गाडी गेल्यावर मी पडवीत परत आले. म्हातारीने आतून सुपात तांदूळ आणि नारळ आणला होता. दूरच्या गावी निघालेल्या सवाशिणीला आपल्याकडे रिकामी पाठवत नाहीत. मॅडमने गळ्यातली ओढणी दोन्ही हातांनी पसरली आणि म्हातारीने तिची ओटी भरली. नेहमीचा पुत्रवतीचा आशीर्वाद काही दिला नाही. "नीट जा. वाटेन जेव," एवढंच म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितलं. मॅडम तांदूळ सांडू नयेत म्हणून अगदी जपून उभी होती.

मग म्हातारी माझ्याकडे वळली. मला एकच मुलगी आहे आणि ऑपरेशन झालंय, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. "आनि तुला गो बाय? तुला पायजे व्हता का दुसरा?"

सकाळपासून तेच करत असल्यामुळे मी मॅडमकडे तोंड करून सुरुवात केली, "शी इज आस्किंग..." आणि थांबले. प्रश्न मला होता. मध्ये भाषांतराला कोणी नव्हतं. मॅडम बघत होती, नातसून बघत होती, ती धाकटी पोरसुद्धा.

"हो," मी म्हणाले. "पाहिजे होता."

तीन वर्षांत हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मुलीला नाही, स्वतःलाही नाही. सुपात उरलेले तांदूळ म्हातारीने एका बाजूला गोळा केले आणि म्हणाली, "पदर पसर."

मी रजिस्टर खाली ठेवलं आणि पदर पसरला.